दुसरी रिंग

वैनगंगेच्या पुलाचा चढ लागला
की आमची इंडिका खोकते,
दोन हिसके देते, मान टाकते.
मागून धानाचे ट्रॅक्टर भोंगे वाजवतात.
बाबा म्हणाले, ‘पोटभर नाही पिऊन राह्यली थे.
फिल्टर बदलव.’

बदलव म्हणजे मीच.
त्यांच्या एका डोळ्यात नवं भिंग, त्यावर शिबिराचा काळा चष्मा,
दुसऱ्याची तारीख उद्या, ब्रह्मपुरीत, सकाळी नऊला.
तेव्हा ते मोहाखाली खाटेवर
आणि मी बोनेटमध्ये अर्धी,
ओढणी कमरेला,
हातात एकशे नव्वदचा नवा डबा, वडशाहून आणलेला.

‘आधी खालची चावी सोड. पानी निघंन.’
आईच्या गंजात खरंच पाणी निघालं,
मग चहाच्या तळासारखं काहीतरी,
मग डिझेल.
रस्त्याकडेच्या ड्रमातून रात्री-अपरात्री
घाईनं भरून घेतलेलं जे जे होतं
ते इथं येऊन बसलं होतं.

जुना डबा हलेना.
फडकं गुंडाळलं, हलेना. पोतं गुंडाळलं, हलेना.
‘सायकलची चेन आन. आन् पान्याचा दांडा.’
शेजारच्या ऋषीजी कुथ्यांची सायकल
दुपारपर्यंत चेनीविना भिंतीला टेकून राहिली.
चेनीचे दात रुतले, पत्र्याला खळी पडली,
डबा कुरकुरला
आणि फिरला.
डिझेल मनगटावरून बांगडीत, बांगडीतून कोपरात,
कोपरातून थेट चपलेत.

नवा डबा डिझेलनं काठोकाठ भरला.
त्याच्या रबराला बोटानं तेल.
‘हातानंच कस. चेन लावशीन त पुढच्या टायमाले रडशीन.’
कसला. मग वरचं पंपाचं बटण,
दाब, सोड, दाब, सोड,
अंगठा ठणकेपर्यंत.
हवेच्या स्क्रूमधून आधी नुसता फेस,
मग बुडबुडे, बोडीत पोरांनी बुडी मारल्यावर येतात तसे,
मग मधूनच एखादा,
मग सलग धार.
स्क्रू बंद.

किल्ली फिरवली. घरघरली, घरघरली, लागली!
मी काळे हात वर केले.
आई दारात आली होती. बोलली नाही, पण पाहिलं तिनं.

‘थांब,’ बाबा म्हणाले. ‘बंद कर.’
काय झालं?
‘गळून राह्यली.’
मला काही ऐकू येत नव्हतं.
कोंबड्या होत्या, नळ होता,
बांधीपलीकडे कुणाची तरी मळणी चालली होती.
वाकून पाहिलं:
डब्याच्या कडेला एक थेंब
पडू की नको करत लोंबत होता.
पडला. मागे दुसरा.

‘वरची जुनी रिंग काढली काय?’

जुना डबा उलटा करून पाहिला.
तोंडाशी खाच होती, खाचेत रबर नव्हतं.
ते वर, गाडीलाच चिकटून राहिलं होतं,
चपटं, काळं,
लोखंडाच्या रंगात मिसळलेलं,
आणि मी त्याच्यावरच नवं दाबलं होतं.

पुन्हा सगळं पहिल्यापासून.
या खेपेला डबा हातानंच सुटला.
रिंग नखानं खरवडून काढली.
बाबांनी हात पुढे केला, त्यांच्या तळव्यावर ठेवली.
त्यांनी ती चिमटीत दाबली, ताणली, वास घेतला,
चष्मा कपाळावर सारून
नव्या डोळ्याजवळ इतकी नेली
की पापणीला लागली असती.
बराच वेळ पाहत राहिले.

‘हे मीनंच बसवली होती,’ म्हणाले,
‘तू बारावीत होती तवा.
तवा बी जुनी वरतंच राह्यली.
रातभर गळली, टाकी अर्धी झाली.’
मग आवाज उतरवून,
‘तुह्या मायले मनलं, कोनीतरी डिझेल चोरलं.’

पंप पुन्हा दाबू लागले.
फेस. बुडबुडे. एखादा.
दारातून आई म्हणाली,
‘आयकलं मी.
आन् थो गंज घासून देजा,
दोघंबी.’